क्लबचा अभ्यास करायचाय? मग आधी दारात उभे राहा



'तुझा विषय काय गं?' असं कुणी विचारलं की आजकाल मी जरा थांबूनच उत्तर देते. 'मीरा-भाईंदरमधले क्लब आणि क्लबहाउस' असं म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. मावशी म्हणाली, 'म्हणजे तुला पोहायची फेलोशिप मिळाली की काय?' आणि विभागातल्या पहिल्याच सेमिनारला एका सरांनी विचारलं होतं, 'क्लब ही मूठभर पैसेवाल्यांची गोष्ट. त्यात समाज कुठे आहे?'

सरांचा प्रश्न चांगला होता, आणि मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देते. तुमच्यापैकी जे 'पेट'ची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिसशी झगडताहेत, त्यांच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. 'विषय आहे, पण प्रश्न सापडत नाही' ही आपली सगळ्यांची अडचण. माझी ती कशी सुटली, तेही ओघात येईल.

आधी चूक सांगते. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी काय लिहिलं होतं? कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये स्विमिंग पूल आहे, कुठे जिम, कुठे बँक्वेट हॉल, लोक तिथे किती वेळ घालवतात, समाधानी आहेत का, वगैरे. सोबत छान तक्ता. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले: 'हे ब्रोशर.'

आठवडाभर मला राग होता. मग कळलं की त्यांचं बरोबर होतं. क्लबच्या आत जे असतं ते बाहेरही मिळतं. पाणी, टेबल-टेनिसचं टेबल, चहा, चार खुर्च्या यांत क्लबचं असं काही नाही. क्लबला क्लब बनवतं ते त्याचं दार. कोण आत येणार, कोण नाही, आणि ते ठरवणार कोण? माझा संशोधनाचा प्रश्न इथून सुरू झाला.

दाराबद्दल कोण काय म्हणतं

लिटरेचर रिव्ह्यू करताना तीन नावं चुकवू नका. पहिलं जेम्स बुकॅनन. या अर्थशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये क्लबांच्या अर्थशास्त्रीय सिद्धांतावर एक लेख लिहिला. सोप्या भाषेत त्याचं म्हणणं असं. काही वस्तू एकट्याच्या असतात, जसं की माझी चप्पल. काही सगळ्यांच्या असतात, जसा रस्त्यावरचा दिवा. आणि मधे काही वस्तू अशा असतात की त्या अनेकांना मिळून वापरता येतात, पण बाहेरच्याला अडवताही येतं. पोहण्याचा तलाव घ्या. दहा जण पोहले तर खर्च वाटला जातो, सगळे खूश. दोनशे जण उतरले तर पोहणं संपलं, नुसती गर्दी. म्हणून सभासदांची संख्या किती असावी हा बुकॅननसाठी हिशेबाचा प्रश्न आहे.

दुसरा पिएर बोर्द्यू. हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ म्हणतो, संख्येचं सोडा, ओळखीचं बघा. निवडक लोकांचे क्लब असतात ते ओळखींचं भांडवल एका जागी गोळा करायला. त्याच्या मांडणीत मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे की गटातला प्रत्येक सभासद हा त्या गटाच्या सीमेचा राखणदार होतो. नवा माणूस आत आला की गटाची व्याख्याच बदलू शकते, त्यामुळे दाराची काळजी सगळ्यांनाच. म्हणजे वॉचमन एकच दिसतो, पण खरे वॉचमन दीडशे असतात!

तिसरा रॉबर्ट पुटनम. 'बोलिंग अलोन' हे त्याचं २००० सालचं पुस्तक. तो सामाजिक भांडवलाचे दोन प्रकार सांगतो: आपल्यासारख्यांना घट्ट बांधणारं आणि वेगळ्यांशी पूल बांधणारं. बांधणाऱ्या प्रकाराची उदाहरणं देताना त्यानं उच्चभ्रू कंट्री क्लबांचंच नाव घेतलंय. नेट-सेटला हा फरक विचारतात, तेव्हा तो लक्षात ठेवा. पण उत्तरपत्रिकेबाहेर तो इतका स्वच्छ नसतो, ते पुढे बघू.

सूचक, अनुमोदक आणि काळी गोटी

कंट्री क्लब हा शब्द अमेरिकेतला. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये १८८२ साली जो क्लब निघाला त्याचं नावच 'द कंट्री क्लब'. शहरातल्या धनिकांनी शहराबाहेर, हिरवळीवर, घोडे आणि पुढे गोल्फसाठी काढलेली जागा. पुढच्या काळात अमेरिकेतल्या अशा अनेक क्लबांची दारं ज्यूंना, कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना बंद होती. ऑगस्टा नॅशनल या नामांकित गोल्फ क्लबनं पहिल्या दोन स्त्री सभासद घेतल्या त्या २०१२ मध्ये! डिग्बी बाल्ट्झेल या समाजशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या प्रोटेस्टंट वरच्या वर्गावर पुस्तक लिहिलं, त्यात क्लबांचा मोठा वाटा आहे, आणि पुस्तकाच्या उपशीर्षकात त्यानं शब्द वापरलाय 'कास्ट'. जात. आपल्याकडच्या विद्यार्थ्यानं हे वाचून दचकायला हवं. मी दचकले.

कारण आपल्याकडे क्लबाचं दार आणि जातीचं दार एकाच मैदानावर भेटलेलं आहे. मुंबईत भायखळा क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा, दोन्ही युरोपियनांचे. मग पारशी जिमखाना (१८८५), इस्लाम जिमखाना (१८९२), हिंदू जिमखाना (१८९४) उभे राहिले. आजही मरीन ड्राइव्हवरून चालताना ते ओळीनं दिसतात. ज्यांना एका दारात अडवलं त्यांनी आपापली दारं बांधली, आणि ती धर्माप्रमाणे बांधली. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. पण ज्या क्लबाचं ते मैदान होतं त्याचे सभासद भारतीयांना होता येत नव्हतं. विलिंग्डन क्लब पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस निघाला तो युरोपियन आणि भारतीय दोघांनाही दार उघडं ठेवण्यासाठी. अर्थात भारतीय म्हणजे कोण, तर राजेरजवाडे आणि बडे व्यापारी.

यात पाळवणकर बाळूंची गोष्ट मी प्रत्येक सेमिनारमध्ये सांगते. चांभार समाजातला हा मुलगा १८९० च्या दशकात पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर काम करायचा. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचा, आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. टाकता टाकता देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गरज पडली, तेव्हा घेतला. मैदानात चेंडू सगळ्यांनी हाताळला. पण चहाच्या वेळी संघ पॅव्हिलियनमध्ये, आणि बाळू बाहेर, एकदा वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा घेत उभे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं, तेही मोठ्या वादावादीनंतर. या विठ्ठल पाळवणकरांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे. रामचंद्र गुहांचं इंग्रजी पुस्तक सगळे वाचतात, पण त्यामागचा हा मराठी स्रोत आपल्या भाषेतला आहे, ही आपली जमेची बाजू आहे. ग्रंथालयात जाऊन शोधा.

या गोष्टीतून मी एक शिकले: 'आत' आणि 'बाहेर' एवढे दोनच कप्पे करू नका. बाळू मैदानाच्या आत होते आणि पॅव्हिलियनच्या बाहेर. क्लबाला एक दार नसतं, एकामागे एक अनेक असतात. तुमच्या प्रश्नावलीत 'आपण सभासद आहात का? हो / नाही' एवढंच असेल तर बाळूंचं काय करणार?

या जुन्या क्लबांची प्रवेशाची रीत साधारण सारखी. एक सूचक, एक अनुमोदक, मग समितीपुढे नाव, मग मतदान. पूर्वी पेटीत गोट्या टाकत. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही, आणि ठरावीक काळ्या निघाल्या की नाव बाद. कुणी टाकली ते कळायचं नाही, कारण द्यावं लागायचं नाही. हे झालं शिफारशीचं दार.

बाबांचं कार्ड

आता मीरा रोडला येऊ.

मी नववीत होते. आई-बाबांनी एका मॉलमध्ये कूपन भरलं होतं, आणि काही दिवसांनी फोन आला: 'सर, लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव आलंय. फक्त गिफ्ट घ्यायला यायचं. पण नवरा-बायको दोघांनीही यायला हवं.' हायवेजवळच्या एका हॉटेलात हॉल. मोठ्यानं गाणी, प्रत्येक टेबलाला एक टापटीप मुलगा, हातात गोवा-मनालीच्या फोटोंचा अल्बम. मधूनच माइकवर घोषणा, अमुक साहेबांनी मेंबरशिप घेतली, जोरदार टाळ्या! तीन तास. संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात एक भेटवस्तू होती, आणि त्या वर्षीचा बोनस गेलेला होता.

त्या मेंबरशिपवर आम्ही एकदाही कुठे राहिलो नाही. सुट्टीत खोली कधीच रिकामी नसायची, आणि देखभालीचं वार्षिक शुल्क मात्र न चुकता मागितलं जायचं. घरात हा विषय निघाला की आई भांडी जरा जोरात ठेवायची. (तुमच्या घरी असं झालं असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे निकाल वाचायला मिळतात. संशोधकासाठी ते निकाल म्हणजे फुकटचा डेटा.)

बरीच वर्षं मला वाटायचं, बाबा फसले, विषय संपला. पण ते कार्ड त्यांनी फेकलं नाही. गावी गेलो की पाकीट उघडताना ते असं धरायचे की काकांना दिसावं. एकदा म्हणालेही, 'आमचा क्लब आहे एक.' बाबा खाजगी कंपनीत अकाउंट्सला होते. त्यांच्यासाठी सूचक-अनुमोदक कोण होणार होतं? ते दार त्यांना कुठे आहे हेही माहीत नव्हतं. हे पैशाचं दार होतं, आणि निदान ते दिसत तरी होतं.

इथे एक फरक पक्का करून घ्या, तो बऱ्याच प्रबंधांत राहून जातो. सभासदांचा क्लब वेगळा, मालकाचा क्लब वेगळा. पहिल्यात सभासद मिळूनच क्लब असतो. निवडणूक, सर्वसाधारण सभा, नफा वाटून घ्यायचा नाही. दुसऱ्यात एखादी कंपनी सेवा विकते आणि तुम्ही ग्राहक असता, नाव काहीही असो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा कलकत्ता क्लब खटल्याचा निकाल यासाठी जरूर वाचा. तिथे मुद्दा कराचा होता: सभासदांचा क्लब आणि त्याचे सभासद वेगळे आहेत का? नसतील तर क्लबनं सभासदाला दिलेल्या जेवणाला विक्री कसं म्हणणार, माणूस स्वतःलाच विकतो का? न्यायालयानं क्लबांच्या बाजूनं कौल दिला. २०२१ मध्ये जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून सरकारनं ही वाट बंद केली, ते वेगळं. पण 'क्लब म्हणजे कोण' हा प्रश्न नुसता समाजशास्त्राचा नाही हे त्यातून कळतं. मीरा-भाईंदरमध्ये ज्या जागा क्लब म्हणून ओळखल्या जातात त्यांतल्या काही हॉटेलही आहेत, लग्नाचे हॉलही आहेत; मीरा रोडचं जीसीसी तर नावातच हॉटेल आणि क्लब दोन्ही लावतं. म्हणून पाटी बघून वर्गीकरण करू नका, नोंदणी बघा.

पत्त्याचं दार

मीरा-भाईंदरचा इतिहास थोडक्यात. मिठागरं, भातशेती, मासेमारी, खाडी. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. लोकसंख्या २००१ ला सुमारे ५.२ लाख, २०११ ला ८ लाख ९ हजार. म्हणजे दहा वर्षांत निम्म्याहून जास्त वाढ. मुंबईच्या चाळीतून, वन-रूम-किचनमधून, दहिसरपर्यंतही परवडेना म्हणून पुढच्या स्टेशनवर उतरलेली माणसं. मिठागरांच्या शहरात 'बेव्हर्ली पार्क' नावाची वस्ती उभी राहिली, यावर हसू येतं. पण त्या नावाचाही अभ्यास व्हायला हवा, कुणीतरी करा.

आता माझा युक्तिवाद बघा, आणि पटला नाही तर खाली लिहा. शिफारशीच्या दाराला जुनी ओळख लागते. तुम्हाला वीस वर्षं ओळखणारा माणूस आत असावा लागतो. ज्या शहरात प्रत्येक जण कालच आलाय, तिथे सूचक कोण आणि अनुमोदक कोण? त्यामुळे इथे जुन्या धाटणीचा जिमखाना रुजणं अवघडच होतं. ती जागा बिल्डरनं भरली. विकास नियमांप्रमाणे मोठ्या भूखंडाच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते, आणि तिथे मर्यादित प्रमाणात क्लबहाउससारखं बांधकाम करता येतं. बिल्डरनं नियमाची ही जागा जाहिरातीचा पहिला फोटो केली. फ्लॅट घ्या, क्लब घ्या. ओळख नको, मतदान नको, फक्त पत्ता हवा.

वरवर बघता हे दार सगळ्यात लोकशाहीवादी वाटतं. काळी गोटी नाही! एकाच तलावात मारवाडी, मालवणी, केरळी, बिहारी मुलं डुंबताहेत. पुटनमच्या कप्प्यात टाकायचं तर हा क्लब बांधणारा की पूल बांधणारा? भाषेच्या बाजूनं बघितलं तर पूल, घराच्या किमतीच्या बाजूनं बघितलं तर बांध. म्हणून म्हटलं, फरक स्वच्छ नसतो.

आणि या दाराच्या आतही पॅव्हिलियन आहेच. बाबांच्या कार्डानंतर वर्षभरानं आम्ही एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये भाड्यानं राहायला गेलो. उन्हाळ्याची सुट्टी, खांद्यावर टॉवेल, सोबत तिसऱ्या मजल्यावरची मैत्रीण. दारावरच्या काकांनी वही बघितली आणि म्हणाले, 'बाळा, भाडेकरूंना पूल नाही. ओनरनाच.' मैत्रीण म्हणाली, 'तू माझी गेस्ट म्हणून ये ना.' गेस्टचे पैसे तिच्या घरच्यांच्या बिलात लागले असते. मी डोकं दुखतंय असं सांगून वर गेले. त्या सोसायटीत आम्ही चार वर्षं राहिलो, तलाव रोज खिडकीतून दिसायचा.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० मध्ये नाममात्र सभासद हा प्रकार आहे. भाडेकरूला तसं करून घेतात, पण त्याला मत नसतं. घर भाड्यानं दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ च्या शासन निर्णयानं त्याला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. रेरा कायदा सामुदायिक सुविधांना सामाईक क्षेत्रात मोजतो. पण रोजच्या जगण्यात, टॉवेल घेऊन आलेल्या मुलीला आत सोडायचं की नाही, हे ठरतं सोसायटीच्या सभेत. आणि त्या सभेत भाडेकरूचं मत नाही. घरकाम करणाऱ्या बायकांचा, वॉचमनचा तर प्रश्नच येत नाही. त्यांच्यामुळे क्लबहाउस चालतं, एवढाच त्यांचा संबंध.

मग बाकीचे लोक कुठे भेटतात?

इथे माझ्या फील्डवर्कनं मला पुन्हा तोंडावर पाडलं. मी क्लबच शोधत फिरत होते, आणि लोक क्लबाचं काम भलत्याच ठिकाणी उरकत होते. भाईंदरमधली ज्ञाती-समाजांची सभागृहं, मंदिराचे हॉल. नया नगरमधल्या मशिदींभोवतीचं जग. उत्तनला कोळी ख्रिस्ती समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि चर्चचं आवार. गणेशोत्सव मंडळ, बचत गट. लग्न जुळतं, नोकरी लागते, उसने पैसे मिळतात, भांडण मिटतं ते इथे. यातल्या अनेकांचं दार जन्माचं आहे. तिथे फॉर्म नसतो, कारण तुम्ही कोण हे आधीच माहीत असतं.

याचं महत्त्व काय? आशुतोष वार्ष्णेय यांचं २००२ चं पुस्तक वाचा, जातीय दंगली आणि नागरी जीवनाविषयीचं. त्यांनी दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या घेऊन तुलना केली. निष्कर्ष असा की शेजारीपाजारी नमस्कार-चमत्कार असणं छोट्या गावात पुरतं, मोठ्या शहरात पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांचे लोक एकत्र सभासद असलेल्या संघटना लागतात: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचक मंडळं, क्लबसुद्धा. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीचं उदाहरणही त्यात आहे. १९८४ ला पेटलेली भिवंडी १९९२-९३ ला शांत राहिली, त्याआधी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या.

जानेवारी २०२४ मध्ये मीरा रोडला जो तणाव झाला, त्या आठवड्यात मी हे पुस्तक दुसऱ्यांदा काढलं. आमच्या शहरात अशा सामाईक सभासदत्वाच्या जागा किती आणि कुठल्या? कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस तशी जागा होऊ शकतं का? की घर कुणाला विकायचं, कुणाला भाड्यानं द्यायचं हे ठरतानाच ते दार आधी बंद झालेलं असतं? सरांना मी आज हे उत्तर देईन. क्लबांत समाज नाही असं नाही, समाज कसा वाटला गेलाय ते क्लबाच्या दारात दिसतं.

प्रत्यक्ष काम कसं करायचं

फॉर्मपासून सुरुवात करा. कुठल्याही क्लबाचा, मंडळाचा, जिमखान्याचा सभासदत्वाचा कोरा फॉर्म मिळवा, आणि त्यातल्या रकान्यांची यादी करा. सूचकाचं नाव मागतात की पॅन नंबर? फ्लॅट नंबर? मूळ गाव? पतीचा व्यवसाय? (पत्नीचा विचारतात का?) कुठलं दार आहे ते फॉर्मच सांगतो. मग नियमावली, दरपत्रक, सूचना फलक. 'मोलकरणींनी बाकावर बसू नये' असा फलक तासाभराच्या मुलाखतीइतकं बोलतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती बघा, ब्रोशरमधल्या चित्राशी ताडून बघा.

आणि आता एक गोष्ट, जी लिहायला मला वेळ लागला. सुरुवातीला मी एका कॉम्प्लेक्सच्या केबिनमध्ये वॉचमनशी गप्पा मारायचे. कोणाला अडवावं लागतं, गेस्ट रजिस्टर कसं ठेवतात, असं. दारावरचा माणूस सगळं जाणतो, बोलतोही मोकळेपणी. मला वाटलं, केवढा हा डेटा! तिसऱ्या भेटीत ते दिसले नाहीत. कमिटीनं त्यांना विचारलं होतं की ती बाई रोज काय विचारते, आणि एजन्सीनं त्यांना दुसऱ्या साइटवर टाकलं होतं. घरापासून दोन बस लांब. संमतीपत्रावर त्यांची सही माझ्याकडे होती. सही होती, म्हणून माझी चूक कमी होत नाही. आपण 'गेटकीपर' हा शब्द पद्धतिशास्त्राच्या पेपरात लिहितो तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी डोळ्यापुढे असतो. खरा गेटकीपर कंत्राटावर बारा तास उभा असतो, आणि आपल्या प्रश्नांची किंमत तो भरतो.

त्यानंतर मी क्रम बदलला. आधी कमिटीला लेखी पत्र, परवानगी मिळाली तरच आत. वॉचमन, सफाई कर्मचारी, घरकाम करणाऱ्या यांच्या मुलाखती त्यांच्या कामाच्या जागी अजिबात नाहीत. त्यांच्या वस्तीत, सुट्टीच्या दिवशी, आणि कॉम्प्लेक्सचं नाव माझ्या टिपणवहीतही नाही, फक्त अक्षर. गेस्ट रजिस्टरचा फोटो काढायचा नाही, त्यात लोकांची नावं आणि फोन असतात. काही कॉम्प्लेक्सनी परवानगी नाकारली. तो नकारही मी टिपून ठेवलाय: कुणी नाकारली, किती दिवसांनी, काय कारण देऊन. एका ठिकाणी सेक्रेटरींनी विचारलं, 'तुम्ही ओनर आहात की भाडेकरू?'

मी भाडेकरू आहे, अजूनही. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, उत्तर आलेलं नाही. तो अर्ज कसा लिहिला होता, त्याचा नमुना पुढच्या लेखात देते.